मंगळवारचं ताट

पासेमाताने टोपली पाळकाच्या चटईवर ठेवली आणि वरचं केळीचं पान स्वतःच बाजूला केलं.

आत पुलाका होता, बेटावर खणलेल्या खड्ड्यांत लावतात तो कंद. नेहमीसारखा उकडलेला, जाड काप केलेला. पण पांढरा नव्हता. कडेने तपकिरी, मध्ये काळा, आणि भिजलेल्या साबणासारखा बुळबुळीत. सोबत मासळी नव्हती. नारळाचं दूधही नव्हतं.

बेटावरची घरं चर्चच्या पाळकाला वार लावून जेवू घालतात. मंगळवार पासेमाताचा. अकरा वर्षांत चार पाळक आले नि गेले. तिचा मंगळवार चुकला नव्हता.

पाळकाची बायको लुपे थाळ्या घेऊन आली आणि वासाने थबकली. “अगं बाई! मावशी, डुकरांची टोपली चुकून इकडे आली की काय?”

“डुकरांनी तोंड लावलं नाही,” पासेमाता म्हणाली. “म्हणून इकडे आणली.”

पाळक कितिओना तिशीतला, उत्तरेकडच्या बेटावरचा. त्याने टोपलीत पाहिलं, मग तिच्याकडे. “काय झालं, मावशी?”

“मला विचारता? रविवारी तुम्हीच सांगितलंत ना, समुद्र खड्ड्यांत शिरला त्यात देवाचा हेतू आहे, भरवसा ठेवा म्हणून? मी पुढच्याच बाकावर होते. घरी गेले, खड्ड्यात उतरले. बोट बुडवून पाणी चाखलं. खारट. साठ झाडं, पाळकसाहेब. चौथ्या वर्षातली. एकेका झाडाभोवती मी टोपली विणलेली, महिन्याच्या महिन्याला त्यात पानं कुजवलेली. ओढलं की देठ हातात आणि कंद चिखलात. एक धड निघाला नाही. म्हटलं, हेतू ज्यांना ठाऊक आहे त्यांनी चव तरी घ्यावी.”

“देव परीक्षा घेतो, मावशी...”

“माझी घ्यावी की! घरात तीन नातवंडं आहेत. दुकानातला तांदूळ जहाज येईल तेव्हा येणार. त्या पोरांच्या पोटाची कसली परीक्षा?”

कितिओनाने खाली वाकून एक काप उचलला.

“थांबा!” पासेमाता ओरडली. “प्रार्थनेशिवाय?”

त्याने काप परत ठेवला. डोळे मिटले. “प्रभू, या अन्नाबद्दल...”

“माना की आभार. अडलं कुठे?”

“मला जमत नाही, मावशी,” तो डोळे न उघडता म्हणाला. “तुम्ही करा.”

पासेमाता चटईच्या कडेला गुडघे टेकून बसली आणि मान वर करून बोलू लागली. घरातल्या माणसाला खडसावावं तसा आवाज होता.

“देवा, मी पासेमाता. हे तुझ्या पाळकाचं आजचं जेवण, बघून घे. आभार मानायला आलेले नाही. चार वर्षं मी खत घातलं, तू एका भरतीत मीठ घातलंस. कशासाठी, ते या माणसाला माहीत नाही. मलाही नाही. तुला माहीत असेल. असायलाच हवं. मग मला सांग. आमेन.”

“आमेन,” लुपे पुटपुटली.

कितिओनाने काप तोंडात घातला. चावला. गिळताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने दुसरा उचलला तसं पासेमाताने टोपली आपल्याकडे ओढली.

“पुरे. आजारी पडाल. आणि एक सांगते, येत्या रविवारी देवाच्या वतीने काही बोलू नका. त्याचं तो बोलेल.”

“आणि नाही बोलला तर?” लुपेने हळूच विचारलं.

पासेमाता खांबाला पाठ टेकून, समुद्राकडे तोंड करून, हाताची घडी घालून बसली. दवाखान्यात आपलं नाव पुकारलं जाईपर्यंत माणूस बसतो तशी.