देव्हाऱ्यातली एनओसी

मुनाफला या सौद्यात चाळीस हजार जास्तीचे सुटणार होते, आणि तेही एका शब्दावर. शब्द होता बोजा.

"टेम्पो झकास आहे, रखमाताई," महाडच्या आपल्या जुन्या गाड्यांच्या दुकानात बसून त्यानं आरसीचं कार्ड तिच्याकडे सरकवलं. "पण ह्याच्यावर अजून बँकेचं नाव आहे. बोज्याची गाडी कोण घेतो? एक लाख चाळीस. तेही तुम्ही म्हणून."

रखमा पोलादपूरच्या वरच्या वाडीतून स्वतः टेम्पो चालवत आली होती. तिला एक लाख ऐंशीच हवे होते. बिरवाडीत खोल्या घेऊन राहणाऱ्या कामगारांना ती डबे पोचवायची. डबे वाढले, टेम्पो पुरेना. नवी गाडी शोरूमवाल्यानं आज संध्याकाळपर्यंत तिच्यासाठी ठेवली होती. उद्या ती दुसऱ्याची.

"कर्ज कवाच फिटलंय, मुनाफभाय. कागद हाय माझ्याकडं."

तिनं पिशवीतून जुन्या लुगड्यात गुंडाळलेली तसबीर काढली. मुनाफला वाटलं, बाई आता देवाची शपथ घालणार. पण काचेमागं देव नव्हता. कर्ज फिटल्याची बँकेची एनओसी होती, आणि काचेवर हळदकुंकवाची बोटं.

"देव्हाऱ्यात असते. दसऱ्याला गाडीसंगं हिचीबी पूजा."

शेजारच्या टेबलावर लोकांचे ऑनलाइन अर्ज भरणारी मुनाफची मुलगी नबीला खुदकन हसली. "मावशी, ही देवाला नाही, आरटीओला द्यायची होती. बँकेनं गाय सोडली, पण आरटीओच्या दावणीला ती अजून बांधलेलीच आहे."

"मला कोन सांगनार गो? पाच वर्सांनी सुटका झाली, म्हटलं देवाफुडं ठेवावी."

मुनाफनं तारीख वाचली आणि मनातून खूश झाला. "तीन महिन्यांची मुदत होती. चार वर्षं झाली. आता हा कागद पूजेपुरताच." पाचशे रुपये भरले की बँक आठवड्याभरात नवी एनओसी देते, हे मात्र तो बोलला नाही. नबीला बोलायला गेली, तर त्यानं डोळे वटारले.

"मागचा पुठ्ठा काढून तर बघा," रखमा म्हणाली. "सगला हाय त्यात."

मुनाफनं खिळे उचकटले. पुठ्ठ्यामागं हप्त्यांच्या पावत्या होत्या, सुतानं बांधलेल्या. बोट ओलं करून तो मोजायला बसला, कुठंतरी एखादी चुकलेली सापडेल म्हणून. साठ भरल्या. प्रत्येकीवर पाच तारीख. टाळेबंदीतल्यासुद्धा.

"तेव्हा तर बँकच म्हणत होती, हप्ते थांबवलेत तरी चालेल!" मुनाफ म्हणाला.

"डबे बंद व्हते, मंग भाजी विकली. बँकेला काय जातंय म्हनायला? थांबलं की व्याज चढतंय."

इतकं चोख खातं मुनाफनं स्वतःच्या घरातही पाहिलं नव्हतं. त्याच टाळेबंदीत त्याचे तीन हप्ते थकले होते. पुन्हा एकदा त्यानं गठ्ठा चाळला, मग सूत होतं तसं बांधलं आणि शेजारच्या टपरीवर तीन चहा सांगितले.

"नबीला, नव्या एनओसीचा अर्ज काढ. आणि एक ऐंशी मोज."

"एनओसी यायच्या आधी, अब्बा?"

"वाट मी बघेन. त्यांची गाडी थांबायची नाही."

नोटा कनवटीला लावून रखमा उठली आणि दारातून परत फिरली. "माझी चौकट द्या. नव्या गाडीचा कागद यील ना साठ हप्त्यांनी."

"आधी इथं आणायचा, मावशी! देवाला झेरॉक्स द्या."

"चालंल. देवाला कुठं आरटीओत जायचंय!"

संध्याकाळी मुनाफनं हिशेब मांडला. चाळीस हजार गेले. बँकेचे पाचशे त्याचे. अर्जाचे दोनशेही त्याचेच, नबीलानं बापालाही सोडलं नव्हतं. चहाचे तीस लिहायला गेला, तर कप न्यायला आलेला टपरीवाला म्हणाला, ते टेम्पोवाली ताई जाताना देऊन गेली.