निसटता ब्रश

“बाळाला प्रेक्षकांच्या गॅलरीत आणू नकोस गं, तुझे कान तिकडेच राहतील,” कप्तान हेमांगीताईने बजावलं, तेव्हा केतकीने ते हसण्यावारी नेलं होतं.

महिलांच्या जागतिक कर्लिंग स्पर्धेत, म्हणजे बर्फावरून जड दगड घसरवत वर्तुळात नेण्याच्या खेळात, ताईने शेवटचा दगड सरकवला. तो नीट घसरावा म्हणून केतकी त्याच्यापुढे ब्रशने बर्फ घासत धावत होती. गॅलरीतून बाळाचं रडणं कानी आलं, मान वळली आणि ब्रश दगडाला निसटता लागला. कोणी पाहिलं नाही. दगड वर्तुळाच्या मधोमध थांबला. जिंकलो!

पण या खेळात चूक ज्याची त्यानेच सांगायची. “माझा ब्रश लागला,” केतकी म्हणाली. दगड बाद झाला आणि ताईच्या कारकिर्दीतला शेवटचा सामना हातचा गेला.

“वेडे, आधी पोरीला घे,” म्हणून ताई आपल्या खोलीत गेली.

पोर शांत झाली. ताईचं दार तासाभरानंतरही बंदच आहे. केतकीला तिच्यासमोर जायचा धीर होत नाही. तुम्ही जरा डोकावता का हो?