जागा कुणी खाल्ली

"डिस्क तुझ्या आईच्या गाण्यांनी भरलीय," मी अनिताला ठणकावलं. शहापुरात आमचं नवराबायकोचं लग्नाच्या फोटोंचं दुकान. तिथला लिनक्सवाला कॉम्प्युटर मीच बसवलेला, म्हणून लोक मला इंजिनीअर म्हणायचे आणि मीही कधी कुणाला अडवलं नाही.

"अवो, आधी नीट बघा तरी," अनिता म्हणाली. "आईनं डोळखांबवरनं येऊन घसा बसेपर्यंत लग्नातले धवले म्हटलेत. त्यांची सीडी काढायचीय."

इंजिनीअरला बघायची काय गरज? मी सगळे धवले उडवले. संध्याकाळपर्यंत डिस्क पुन्हा भरली. तेव्हा कुठे मी काळ्या स्क्रीनवर 'डीयू' कमांड दिली आणि कुठलं फोल्डर किती जागा खातंय ते मोठ्यापासून लहानापर्यंत लावून घेतलं. सगळ्यात वर माझंच फोल्डर. त्यात एकच अवाढव्य फाईल. डिस्क भरू नये म्हणून दिवाळीत मीच एक प्रोग्रॅम लावला होता. तो दर मिनिटाला डिस्कवरच्या एकूण एक फाईलची साइज मोजून याच फाईलमध्ये लिहून ठेवत होता.

मी गुपचूप तो प्रोग्रॅम बंद केला आणि ती फाईल उडवली. अर्धी डिस्क मोकळी झाली. मागे वळलो तर अनिता उभी. तिनं सरळ डोळखांबला फोन लावला.

"आई, तुझ्या जावयांनी जागा करून ठेवलीय गो. उद्या ये. पहिल्या धवल्यापासून म्हनायचंय."