कुसुमची लाइन

सलग तीन दिवस फोन लागला नाही, की मेलेल्या माणसांशी फोनवर बोलणं करून देणारी कंपनी त्या माणसाचा आवाज कायमचा पुसत असे. कुसुमची मुदत दुपारी बाराला संपत होती. पावणेबारा झाले, तरी वसंतराव भोईट्यांच्या फोनला रेंज नव्हती. त्यांच्या वारलेल्या बायकोची लाइन फक्त त्याच फोनवरून लागे.

त्यांनी फोन बंद-चालू केला, सिम पुसून बसवलं, गच्चीवरही गेले. शेवटी पुतणी पूर्वा धावत आली.

"काका, कव्हर काढा."

"ते नाही काढायचं."

तिने हिसकावून काढलंच. आत चांदीचा तळहाताएवढा टाक होता, त्यावर कुसुमचा चेहरा.

"टाक देव्हाऱ्यात ठेवतात ना?"

"ती देव्हाऱ्यात कुठे बोलते? फोनमध्ये बोलते. सोनाराने तीन दिवसांपूर्वी दिला, तेव्हाच लावला."

"चांदीने रेंज अडते हो! काकूंनीच काकूंची वाट अडवलीय."

टाक बाजूला होताच रेंजच्या चार काड्या उभ्या राहिल्या. बाराला दोन मिनिटं होती. वसंतरावांनी फोन लावला.

"तीन दिवस कुठे उलथला होतात?" कुसुम कडाडली.

"लागला!" वसंतराव गच्चीवरून गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले. मग खाली बसून म्हणाले, "भांड, कुसुम. पोटभर भांड."