दोन पानांवरची रोपं

घर विकताना म्हाताऱ्या अर्डिथला एकच माणूस हवा होता: कुंपणालगतचा तिचा चाळीस वर्षांचा फुलांचा ताटवा जगवणारा.

पहिलं जोडपं कॉसमॉसच्या रोपांना शेपू म्हणालं.

शी!

दुसऱ्या जोडप्यातल्या बाईंना झिनियाची रोपं डेलियाचीच वाटली.

शी, शी!

तिसरा ट्रेंट. तो थेट मातीत गुडघे टेकून बसला. "मागची ही उंच झिनिया. मध्ये कॉसमॉस. पुढे बुटका झेंडू. बी आपोआप पडून उगवतं ना?" रोपं अजून बोटभरही नव्हती. अर्डिथचे डोळे भरून आले. घर त्यालाच मिळालं.

जुलैत फुलं बघायला म्हणून ती मुद्दाम आली. कुंपणापर्यंत नुसती सपाट हिरवळ, आणि तणनाशकाचा उग्र भपकारा.

"अरे मेल्या, तुला तर दोन पानांवरचं रोप ओळखता येत होतं!"

ट्रेंट अभिमानाने हसला.



"हिरवळीचाच धंदा आहे माझा, मिसेस व्हॉस. तेवढी असतानाच ओळखावी लागतात. मोठी झाली की फवाऱ्याला दाद देत नाहीत."