पाठीमागची वेल

शाळेच्या मॅडमनी निळ्या पाठीचे पत्ते टेबलावर पालथे मांडले आणि कन्नडात म्हणाल्या, "आता सारखी चित्रं शोधून दे बघू, पुट्टी."

कावेरी खुर्चीच्या कडेवर बसली होती. तिला सहावं लागलं होतं, पण बोलणं अजून दोन-चार शब्दांचंच. ताता कुठे दिसतो ते तिने आधी पाहून घेतलं. तिचा ताता, म्हणजे आजोबा नागोजी, मागच्या बाकावर अंग चोरून बसला होता. शेजारी त्याची सून मेघाश्री. आज तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. हा खेळ म्हणजे पोरीच्या हातचा मळ.

"घरी एकसुद्धा चुकत नाही, मॅडम," ती म्हणाली. "आमच्या मामंजींनीच पत्ते छापून दिलेत. चामराजपेटेत लग्नपत्रिका छापतो आम्ही."

"सरी, बरं," मॅडम म्हणाल्या. "इथं जमलं तर घेऊ वर्गात. नाही तर मग तुम्हाला त्या दुसऱ्या, खास मुलांच्या शाळेचंच बघावं लागेल."

त्या दुसऱ्या शाळेच्या फाटकापर्यंत मेघाश्री एकदा जाऊन आली होती. आत गेली नव्हती. त्या दिवशी घरी येऊन ती जेवलीही नव्हती.

कावेरीने एक पत्ता उचलला. उलटला नाही. मान तिरकी करून त्याची निळी पाठ बघितली, पत्ता फिरवला, परत बघितली. मग त्याची कड दुसऱ्या पत्त्याच्या कडेला लावली. नाही. तिसऱ्याला लावली. त्यालाही नाही.

"उलटून बघ ना. आत काय आहे?"

कावेरी चौथ्या पत्त्याकडे वळली.

नागोजीला पिशवीतले घरचे पत्ते आठवले.

पत्ते त्याने दुकानातल्या रद्दी पत्रिकांवर छापले होते. सोनेरी वेल छापताना सरकलेल्या पत्रिका. एकीवर वेल वर चढलेली, एकीवर खाली घसरलेली, एकीवर पार तिरपी. त्यांच्या कोऱ्या बाजूवर त्याने शेजारी शेजारी दोन आंबे छापले, दुसरीवर दोन बैल, तिसरीवर दोन रिक्षा, आणि प्रत्येक पत्रिका मधोमध कापली. रद्दीच्या पाठीकडे छापखान्यातला माणूस बघत नाही. घरी कावेरी दोन पत्ते उचलून त्याच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "सिक्तु." सापडलं. पत्ते तोच उलटायचा. चित्रं सारखी निघायची. मेघाश्री स्वयंपाकघरातून धावत येऊन लेकीची दृष्ट काढायची.

"कावू, आंबा कुठाय?" मेघाश्री पुढे वाकून म्हणाली. "दाखव मॅडमना. दाखव, राणी."

"थांबा. मी स्वल्प सोपं करते." मॅडमनी सगळे पत्ते उलटून चित्रं वर केली. "आता दे बघू सारखे दोन."

कावेरीने चित्रांकडे पाहिलं. मग एकेक करून सगळे पत्ते परत पालथे घातले आणि पुन्हा कडा लावायला बसली.

मॅडमनी चष्मा काढला. "मुलगी गोड आहे हो. पण तिला खेळच कळत नाहीये."

शिकलेल्या माणसांसमोर नागोजीने कधी तोंड उघडलं नव्हतं. लग्नघरची माणसं दुकानात आली तरी तो फक्त नमुने पुढे करायचा. आता तो उठून उभा राहिला.

"कळतोय, मॅडम. चूक माझी आहे." मग त्याने सगळं सांगितलं. सरकलेली वेल, मधोमध कापणं, अर्धी वेल इकडे, अर्धी तिकडे. कन्नड अडखळत होतं, तरी सांगितलं. "अर्ध्या वेलीला ती नुसत्या नजरेनं तिची अर्धी वेल शोधून देते. मलासुद्धा जमणार नाही ते, मॅडम. तुमच्या पत्त्यांना वेल नाही, म्हणून ती शोधत बसलीय."

मॅडमनी निळे पत्ते गोळा केले. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे ताता, चित्रं तिनं कधी ओळखलीच नव्हती."

नागोजीने कावेरीला खुर्चीवरून उतरवून घेतलं. मेघाश्रीने पर्स खांद्याला अडकवली.

बाहेर पायऱ्यांशी ती चपला घालताना म्हणाली, "बोलायचंच होतं तर घरी बोलायचं होतं, मामंजी. मी निदान गल्लीभर सांगत सुटले नसते."

"मला आत्ताच कळलं गं."

"कावूला मात्र कधीचं ठाऊक होतं," मेघाश्री म्हणाली आणि रिक्षा बघायला फाटकाकडे गेली. पाठमोरी असतानाच तिने पदर डोळ्यांना लावला.

कावेरी पायरीवर बसली. नागोजीच्या पिशवीत हात घालून तिने घरचे पत्ते काढले, मांडीवर पसरले, आणि त्यातले दोन उचलून कडेला कड लावली. तिरपी सोनेरी वेल या पत्त्यावरून त्या पत्त्यावर सलग चढत गेली.

"सिक्तु," ती म्हणाली.

नागोजी तिच्याशेजारी बसला. त्याने दोन्ही पत्ते उलटले. "हा आंबा, कावू. आणि हासुद्धा आंबा. म्हण, आंबा."

कावेरीने त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग त्याच्या हातातून पत्ते घेतले, पालथे केले, आणि त्याला नीट दिसावी म्हणून वेल पुन्हा जुळवून दाखवली.