पूजलेला पेनड्राइव्ह

पाचव्यांदा पडद्यावर तेच पान आलं. भाषा निवडा. अंबाजी आबांनी पाचव्यांदा मराठी निवडली आणि कपाळावरचा घाम पुसला. सकाळी नऊला बसले होते, आता अडीच वाजून गेले होते. दसऱ्याची श्रीखंडपुरी ताटात तशीच पडली होती.

"आबा, अजून न्हाई व्हय झालं?" सविता दारातूनच म्हणाली. टाकवे बुद्रुकच्या महिला बचत गटाची ती अध्यक्ष. उद्या सकाळी लोणावळ्यात गटाचा स्टॉल होता. इंद्रायणी तांदळाच्या दीडशे पिशव्या भरून आबांच्याच खोलीत भिंतीला लावून ठेवल्या होत्या आणि लेबल एकीवरही नव्हतं. "चार वाजेस्तोवर वाट बघते. मग आमी हातानंच लिवायला बसतो. आन् ह्यो डबा उद्या भंगारात."

डबा म्हणजे गटाचा जुना कॉम्प्युटर. परवा त्यानं मान टाकली, तेव्हाच बायका भंगारवाल्याला बोलावणार होत्या. आबांनी थांबवलं. मी बघतो म्हणाले. नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यात बावीस वर्षं फिटर होते ते. आबा नुसते समोर उभे राहिले तरी मशीन सुरू होतं, असं शिफ्टमधली पोरं म्हणायची. सहा महिन्यांपूर्वी निवृत्त झाले आणि तेव्हापासून घरातला मिक्सरसुद्धा बिघडायचं नाव घेत नव्हता. कुणी काही काम सांगत नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं. हे पहिलं काम मिळालं होतं, तेही मागून घेतलेलं.

पेनड्राइव्ह दिला होता सानियानं. आबांच्या कारखान्यातल्या इकबालची ही मुलगी लोणावळ्यात एका हॉटेलच्या काउंटरवर होती. "लिनक्स आहे, आबा. विंडोजसारखंच, कॉम्प्युटर चालवणारं. फुकट आहे आणि जुन्या मशीनवर मस्त पळतं. हा लावायचा, कॉम्प्युटर चालू करायचा आणि पुढे पुढे दाबत जायचं. पोरखेळ आहे." एवढं सांगून ती ड्युटीवर गेली. आज दसऱ्याच्या गर्दीत तिचा फोन बंद.

सुरुवात तर झोकात झाली होती. मुहूर्त दसऱ्याचा. आबांच्या बायकोनं, नंदाबाईंनी, कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं. पुढच्या बाजूला पेनड्राइव्हचं टोक बाहेर आलं होतं, त्यालाही बोट लावून वर झेंडूचं फूल ठेवलं. कारखान्यातही दसऱ्याला हेच चालायचं, म्हणून आबांनी हौसेनं नारळ फोडला. मग पुढे पुढे दाबत गेले. पडद्यावरची पट्टी हळूहळू भरत शेवटाला पोचली. पडदा काळा झाला आणि खाली इंग्रजीत एक ओळ आली. तोवरचं सगळं मराठीत होतं, नेमकी हीच ओळ इंग्रजीत. आबांना तिच्यातलं एंटर तेवढं ओळखीचं. त्यांनी दाबलं. कॉम्प्युटर बंद झाला, चालू झाला आणि म्हणाला, भाषा निवडा.

आबांनी काय करायचं बाकी ठेवलं होतं? दुसऱ्या वेळी आतली धूळ झाडली. तिसऱ्या वेळी प्लग बदलला. चौथ्या वेळेपासून मालकाच्या नावाच्या जागी स्वतःचं काढून नंदाबाईंचं नाव घातलं. दरवेळी तासाभरानं पुन्हा आपलं तेच पान.

"फुकटचं हाय न्हवं, मग असंच व्हायचं," नंदाबाई म्हणाल्या. आबांनी पुन्हा पुढे दाबलं.

चारला दहा कमी असताना बाहेर स्कूटर थांबली. सानिया सोनं घ्यायला आली होती, दर दसऱ्याला यायची तशी. पडदा नुकताच काळा झाला होता. आबांचं बोट एंटरकडे निघालं होतं.

"थांबा, आबा! यात लिहिलंय, पेनड्राइव्ह काढा आणि मग एंटर दाबा. कितवी वेळ आहे ही?"

"पाचवी."

सानिया मटकन खालीच बसली आणि पोट धरून हसली. "आबा, सकाळी पहिल्या झटक्यातच बसलंय हे! पेनड्राइव्ह तसाच राहिला, म्हणून कॉम्प्युटर दरवेळी त्यावरूनच चालू होतो आणि परत पहिल्यापासून बसवायला घेतो."

आबांच्या छातीवरचा धोंडाच उतरला. आपलं काहीच चुकलं नव्हतं. निदान फारसं तरी नाही. त्यांनी पेनड्राइव्हकडे हात नेला, तोच नंदाबाईंचा हात त्यावर पडला.

"हलवायचं न्हाई! पूजल्यालं हत्यार हाय. आज जागचं हलत न्हाई, उद्या काय ते."

"अगं, उद्याच तर स्टॉल हाय!"

"आसंल. पण मी हलवू द्यायची न्हाई."

चार वाजत आले म्हणून परत आलेली सविता हताशपणे पेन शोधायला लागली. सानियानं हसून भरलेले डोळे पुसले. "मावशी, तुमच्या गणपतीला मी लहानपणापासून येते. विसर्जनाच्या दिवशी काय करता? अक्षता वाहता, मूर्ती जराशी हलवता आणि मगच उचलता. गणपती पूजलेलाच असतो की."

नंदाबाई विचारात पडल्या. मग त्यांचा चेहरा उजळला. "व्हय की गं!"

खोलीत तांदळाला तोटा नव्हता. नंदाबाईंनी पिशवीतून चिमूटभर घेतले, कुंकू लावलं, डोळे मिटून पेनड्राइव्हवर वाहिले. तो जरासा हलवला आणि अलगद ओढून काढला. आबांनी एंटर दाबलं. कॉम्प्युटर बंद झाला, चालू झाला. भाषा कुणी विचारली नाही. पडद्यावर ठळक अक्षरांत नंदाबाईंचं नाव उमटलं. सविता लेबलांचा कागद आणायला पळालीच.

नंदाबाईंनी तळहातावरचा पेनड्राइव्ह कपाळाला लावला. "पुढच्या वर्षी लवकर या," त्या भक्तिभावानं म्हणाल्या.

"आनखी किती लवकर?" आबा ओरडले. "सकाळपासनं पाचदा येऊन गेलाय त्यो!"